पाणीच

आर्वीने शेडमध्ये वारा मोजायचं यंत्र बांधलं.
प्लायवूडची पेटी, भंगारातल्या तीन व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारी,
वर जुन्या साबच्या इंजिनाचं हेड,
दाढ दाखवायला आ वासून बसलेल्या माणसासारखं.
नातवाला शर्यतीत उतरायचंय.
हवा किती ओढली जाते ते कळायला
काचेची नळी, यू आकारात वाकवलेली.
"तिच्यात काय भरायचं, एवढंच राहिलं," म्हणाला.

एवढंच. ऑक्टोबर होता तेव्हा.

आधी पाणी. ते काचेत दिसेना,
म्हणून माझ्या फडताळातला लिंगनबेरीचा रस, दोन चमचे.
आठवड्यात नळीला बुरशीची दाढी फुटली.
पुन्हा धुतली, पुन्हा भरली.
नोव्हेंबरच्या एका पहाटे उणे अकरा झालं
आणि शेडमध्ये कुणीतरी बोट मोडल्यासारखा
टक् आवाज.

दुसरी नळी. स्पिरिट.
ते गोठत नाही, पण हलकं.
पाणी जिथे पंचवीस सेंटिमीटर चढेल
तिथे हे साडेएकतीसच्याही वर जाऊन बसायचं,
आणि सकाळी लावलेलं शून्य
संध्याकाळपर्यंत उडून गेलेलं असायचं.
एकदा त्याने झडप घाईने फिरवली,
नळीतलं सगळं स्पिरिट सरळ मोटारींच्या पोटात,
जिथे कार्बनपाशी निळ्या ठिणग्या नाचतात.
काही झालं नाही.
काही झालं नाही, असं तो जेवताना तीनदा म्हणाला.

मग गाडीचं अँटिफ्रीझ.
जेवून उठलेल्या पाहुण्यासारखं, जागचं हलेना.
आकडा येईपर्यंत कॉफी निवायची.

तेव्हा त्याला बापाचा पारा आठवला,
फुटक्या बॅरोमीटरमधला, जॅमच्या बाटलीत जपलेला.
मी कौहायोकीच्या औषधदुकानात एकतीस वर्षं काढली.
एकदा तिथे थर्मामीटर फुटला होता.
आम्ही गंधक टाकलं, झाडलं, पुसलं,
तरी दोन हिवाळ्यांनंतर फळीच्या फटीतून
एक मणी बाहेर आला, ताजा, चकचकीत,
जणू कालच पडलाय.
म्हटलं, पारा या घरात नाही.
आणि तुझे पंचवीस सेंटिमीटर पाऱ्यात अठरा मिलिमीटर होतील,
वाचायला डोळे कुणाचे आणणार?

तो गप्प बसला. आमच्याकडे हे बोलण्यातच धरतात.

मग मी विचारलं, रबरी नळी किती लांब चालते?
कितीही, म्हणाला. दाब जसाच्या तसा पोचतो.
मग पाणीच भर, म्हटलं,
आणि काच माझ्या स्वयंपाकघरात टांग.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं लग्नाच्या आधी एकदा, गोठलेल्या तळ्यावर पाहिलं होतं.
मग ड्रिल आणायला गेला.

आता कॅलेंडर आणि खिडकीच्या मध्ये नळी आहे,
शेजारी दुसरी, तिरकी, हवा मोजणारी.
पाण्यात ईस्टरचा उरलेला हिरवा रंग
आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब,
म्हणजे पाणी काचेला चिकटून रेंगाळत नाही.
हा थेंब माझा. तो त्याला सूत्र म्हणतो.

भिंतीपलीकडे मोटारी गुरगुरू लागतात.
हिरवं एका बाजूने खचतं, दुसऱ्या बाजूने वर सरकतं.
लाटण्याचा एक ठोका: अजून.
दोन: थांब.
बाहेर उणे तेवीस, ओव्हनमध्ये राईचा पाव,
पेन्सिलीला पीठ लागलेलं.
पंचवीस. ठक ठक.
तिरक्या नळीतला आकडा पावाच्या कागदावर लिहिते.

मोटारी बंद झाल्या की दोन्ही बाजूंचं पाणी
डुलत डुलत एका पातळीला येतं.
याला तो शून्य म्हणतो.
मी अजून थोडी बघत उभी राहते.

तेवढ्यात पलीकडून त्याचा ठोका,
एकच.
अजून.